जुनी लेन्स लावायच्या आधी रिंग बघा

प्रश्न: बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची निकॉन 50 एमएम एफ/1.4 लेन्स कपाटात सापडली, काच एकदम स्वच्छ आहे. माझा कॅमेरा निकॉन डी5300. एक मित्र म्हणतो माउंट (लेन्स बसते ती कडी) तोच आहे बिनधास्त लाव, दुसरा म्हणतो कॅमेरा तुटेल. कुणाचं ऐकू? सोबत एक आट्यांची हेलिओस 44-2 पण आहे, ती बसेल का?

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, पण 1977 मध्ये त्यांनी एआय पद्धत (लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचं माप, कॅमेऱ्याला कळवायची सोय) आणली आणि त्याच्या आधीच्या लेन्सची अपर्चर रिंग मागून पूर्ण गोल असते, खाच नसते. डी7000, डी700, डी800 अशा बॉडींवर माउंटच्या कडेला एक बारीकसा खटका असतो, आधीची लेन्स फिरवली की रिंग त्याच्यावर चढते आणि तो मोडतो. तुमच्या डी5300 ला तो खटकाच नाहीये, त्यामुळे ही भीती तुम्हाला नाही. तरी हळूच फिरवा, कुठे अडकतंय वाटलं तर लगेच थांबा, जोर अजिबात लावू नका. आणि पुढे मित्राच्या कॅमेऱ्यावर लावून बघायची हौस आली तर आधी रिंग तपासा: अपर्चरच्या आकड्यांची माउंटजवळ अजून एक बारीक ओळ दिसली तर ती एआय, निर्धास्त लावा.

आता खटका नाही याचा तोटा पण आहे. कॅमेऱ्याला अपर्चर कळत नाही म्हणून प्रकाश मोजणारं मीटर बंद, फक्त एम (मॅन्युअल) मोड. अपर्चर लेन्सच्या रिंगवर, शटर कॅमेऱ्यावर, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा आणि शटर कमीजास्त करायचं. दोन-तीन दिवसांत हात बसतो, खरंच सांगतो, प्रकाश वाचायला याच्यासारखी शाळा नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका फोकससाठी मदत करतो, पण एफ/1.4 ला माझा त्याच्यावर भरवसा नाही, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस करा. डी5300 चा सेन्सर लहान असल्यामुळे ही 50 ची लेन्स 75 एमएमसारखी दिसेल, चेहऱ्यांच्या फोटोंना झकास.

हेलिओसचं मात्र दुखणं वेगळं. तिला एम42 म्हणजे आट्यांचा माउंट, आणि माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर 45.46 एमएम धरून ती बनवलेली, निकॉनचं तेच अंतर 46.5. म्हणजे लेन्स एक एमएम पुढे राहते, वरून अडाप्टरची (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधल्या जोडकडीची) जाडी, आणि तेवढ्यानेच दोन-तीन मीटरच्या पुढचं काही फोकसमध्ये येत नाही. काच असलेला अडाप्टर मिळतो, दूरचं फोकस होतं पण चित्र मऊ पडतं, मला तो पटत नाही. साध्या अडाप्टरवर फुलं, हात, जवळचे चेहरे काढा. पुढे कधी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलात (निकॉन झेडचं हेच अंतर 16, सोनी ई चं 18, कॅनन आरएफचं 20) तर साधा पोकळ अडाप्टर लावून तीच हेलिओस लांबच्या डोंगरापर्यंत फोकस करेल, तोपर्यंत तिला कोरड्या जागी ठेवा, काचेला बुरशी लागू देऊ नका.