आवाज त्याच थेंबातला हवा

प्रिय मुली,

पुण्याच्या पाषाण तलावातल्या थेंबाचा, सूक्ष्मदर्शकातून घेतलेला तुझा व्हिडिओ काल रात्री पाहिला. देठावर डोलणारी वॉर्टिसेला, कडेने सरपटत गेलेलं पॅरामेशियम, दोन्ही एकपेशी जीव, सगळं नेमकं टिपलंयस. मग तंबोरा सुरू झाला, त्यावर कुठून तरी उतरवून घेतलेली पाण्याची खळखळ, आणि मी स्पीकर बंद केला. पाषाणचं पाणी खळखळतं का गं? जलपर्णीखाली ते साचून असतं. नमुना तूच काढलास, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"चित्राला कोणता आवाज द्यावा तेच सुचत नाही," असं लिहितेस. द्यायचा नाहीच. आवाज त्याच थेंबातून काढायचा.

निघतो तो. 2004 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू पेलिंग आणि जेम्स जिम्झेव्स्की यांनी यीस्टच्या पेशीवर अणुबल सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे अतिसूक्ष्म हालचाल स्पर्शाने टिपणाऱ्या यंत्राची, सुई टेकवली. पेशीची भिंत सेकंदाला साधारण हजार वेळा थरथरत होती, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत. हालचाल जेमतेम तीन नॅनोमीटरची, म्हणून ती वाढवून ऐकावी लागली. पेशीची चयापचय क्रिया थांबवणारं रसायन घातल्यावर थरथर थांबली. ॲन नीमेट्झ या कलावतीने पेलिंगबरोबर याच आवाजांवर कलामांडणी उभी केली. तिथला आवाज त्या पेशीचाच होता.

तुझ्याकडे तसली सुई नाही, माझ्याकडेही नाही. पण बझरमधली पिएझो चकती, थरथरीचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तिला शिल्डेड वायर जोड, इपॉक्सीने नीट बंद कर आणि जिथून नमुना घेतलास तिथेच पाण्यात सोड. मध्ये प्रीॲम्प, म्हणजे क्षीण संकेत वाढवणारा डबा, हवाच. थेट लॅपटॉपला जोडलीस तर खर्जातलं सगळं गळून जातं. पाणकिडे किरकिरतील, वनस्पतींवरून बुडबुडे सुटतील, रस्त्यावरची घरघरही येईल. ती घरघर पुसू नकोस. त्या जिवांच्या भोवती ती रोजच असते.

आता चित्राकडे ये. वॉर्टिसेलाचा देठ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आखडतो. सेकंदाला 30 फ्रेमने चित्रण केलंस तर ते आखडणं दोन फ्रेमच्या मध्येच हरवतं. 240 ने कर. मग प्रत्येक आखडण्याला तलावातल्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा बांध. लय तो जीव ठरवेल, तू ठरवायची नाहीस. इथे कुणाचाही हात शिवशिवतो, जरा सुरेल करूया म्हणून. करू नकोस. आवाज त्याच थेंबातला हवा.

माझ्या एका बासरीवादक मित्राने माझ्या मांडणीसाठी मन लावून रचना केली होती. मी ती घेतली नाही. तो दुखावला, हळूहळू बोलणंही सुटलं. मैत्री गेल्याची खंत अजून आहे, रचना न घेतल्याची नाही. ती इतकी सुंदर होती की लोकांनी डोळे मिटून ऐकली असती, आणि समोर धडपडणारा जीव कुणी पाहिलाच नसता. पुढे "संगीत नाही तर लोक थांबणार नाहीत" म्हणून एका आयोजकांनी ते काम प्रदर्शनातून वगळलं. तेव्हाही मी बदललं नाही. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. त्या जिवाच्या बाजूने हट्ट धरणारं तिथे दुसरं कोण होतं?

तुझं काम बघून मला आनंद झाला, म्हणूनच इतकं लिहितोय. तुझी नजर चांगली आहे. नजरेवर विश्वास ठेवतेस, मग कानावर का नाही ठेवत?

प्रदर्शनात प्रोजेक्टर वेगळ्या पेटीत किंवा पडद्यामागे ठेव, हवा खेळती राहील असं बघून. नाहीतर त्याचा पंखाच ऐकू येत राहील. मोठे स्पीकर नकोत. छोटे घे, पडद्याजवळ, कानाच्या उंचीला लाव. पुन्हा चित्रण करशील तेव्हा कव्हर स्लिपच्या, म्हणजे थेंबावरच्या पातळ काचेच्या, कडांना व्हॅसलिन लाव, दिव्याच्या उष्णतेने थेंब लवकर सुकतो.

प्रीॲम्प माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा. येण्याआधी तंबोऱ्याची ती फाइल प्रोजेक्टमधून काढून टाक. आवाज बारीक ठेवून चालेल का, असं विचारू नकोस. काढूनच टाक.

तुझा,
सर