टीबीची औषधं चालू, तरी वडिलांच्या खोकल्यातून रक्त येतं. थुंकीचा सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आहे, नाकातून रक्ताळलेल्या खपल्याही पडतात. व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) असेल का?
असू शकतो. जीपीए नावाच्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. ताप, वजन घटणं, सीटी स्कॅनमध्ये गाठी आणि पोकळ्या, सगळं हुबेहूब टीबीसारखं. थुंकीचा सीबीनॅट निगेटिव्ह असून नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडतात असं तुम्ही लिहिलंय, तेच मला जास्त खटकतं.

आजच साधी लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. लघवीत रक्त किंवा प्रथिनं निघाली तर अजिबात थांबू नका, या आजारात मूत्रपिंडं काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. सोबत एएनसीए (पीआर३, एमपीओ) ही स्वतःच्याच पांढऱ्या पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी करा. पण टीबीतही एएनसीए कधीकधी पॉझिटिव्ह येते, म्हणून शक्य असेल तर बायोप्सी हवी. टीबीची औषधं मनाने बंद करू नका, स्टेरॉइडही मनाने देऊ नका. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या तज्ज्ञांना) लगेच दाखवा. दम लागला किंवा रक्त वाढलं तर थेट इमर्जन्सीत न्या.