ताई, साबण कुणी मागतं का?

मागच्या अंकात साबण, पेस्ट, पॅड असल्या वस्तू महिनाअखेरीला ज्यांना परवडत नाहीत त्या घरांबद्दल लिहिलं होतं. बरीच पत्रं आली, काही चांगलीच चिडलेली पण आहेत. त्यातली पाच इथे घेतेय.

प्रश्न : ताई, लेख वाचला पण पटला नाही. दहा रुपयाला साबण मिळतो आणि त्याच घरात मोबाईलला महिन्याला दोन-अडीचशेचा रिचार्ज असतो. ही गरिबी नाही, सवय नाही एवढंच. – निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : काका, रिचार्जचं सगळेच म्हणतात म्हणून आधी तेच घेते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला मुकादमाचा फोन आला तर काम लागतं, धुणंभांडी करणाऱ्या बाईला "आज येऊ नकोस" हा निरोप फोनवरच येतो, मग ती चैन कशी झाली सांगा. आता साबण. एकटी वडी दहाची आहे हो, पण चार माणसांचं घर मांडून बघा. अंगाच्या पाच वड्या 50, कपड्याच्या सहा 60, पावडरच्या पुड्या 50, भांड्याचा साबण 30, पेस्ट 60, तेल 40, शांपूच्या पुड्या 30, दोघी बायका धरल्या तर पॅड 80. झाले चारशे, आणि हे सगळं लहान पाकिटांत, हात आखडून. ज्या घरात रोजचे पैसे रोज येतात आणि पावसाच्या आठवड्यात येतच नाहीत, तिथे हे चारशे पहिले कापले जातात, कारण भाडं, लाईटबिल आणि दवाखाना कापता येत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाहीये. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शांपू, पेस्ट, ब्रश, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, बरंच झालं, पण दहाच्या वडीमागे तो फरक जेमतेम रुपयाचा. रेशनवर 2023 पासून धान्य फुकट आहे, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत आनंदाचा शिधा आला त्यात रवा, चणाडाळ, साखर, पामतेल होतं, साबणाची एक वडी नव्हती. पोट आधी हे बरोबरच आहे. पण काका, तांदूळ संपला तर शेजारणीकडे वाटी घेऊन जाता येतं. "पॅड दे गं" किंवा "साबणाचा तुकडा असला तर दे" म्हणत कोण जातं? मग कपड्याच्या साबणानेच अंग धुतात आणि खाज सुटली की मेडिकलवाल्याकडून पंधराची ट्यूब आणतात, पेस्ट संपली की ट्यूब कात्रीने उभी चिरून आतून ब्रश फिरवतात, तीही संपली की राखुंडी नाहीतर मशेरी आहेच. आणि मशेरी म्हणजे तंबाखू, दात घासायच्या नावाखाली व्यसन लागतं ते वेगळंच. सवय नाही म्हणता, इथे तर एकेका वडीचा हिशोब बाई तोंडपाठ सांगते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावीतल्या एका मुलीशेजारी बाकीची मुलं बसत नाहीत, वास येतो म्हणतात. महिन्यातले चार दिवस ती येतच नाही. घरी निरोप पाठवू का? तिला साबण आणून दिला तर चालेल का? – एक शिक्षिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : बाई, घरी निरोप नको. तो निरोप आईला शिवीसारखा लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत येत नाही. आणि तिला एकटीला बाजूला घेऊन वडी हातात द्याल तर वर्गाला दहा मिनिटांत कळतं, पोरांना सगळं कळतं.

आधी घरचं पाणी कुठून येतं ते बघा. तुमच्या भागातून दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला जातात, पोरगी आजीकडे असेल, हापसा लांब असेल, युनिफॉर्म एकच असेल तर तो रात्री धुऊन थंडीत सकाळपर्यंत वाळत पण नाही. अशा ठिकाणी तुमची एक वडी किती पुरणार? म्हणून जे कराल ते शाळेच्या नळावर करा आणि सगळ्यांसाठी करा. जेवणाआधी हात धुण्याचा तास असतोच, त्यातच तोंड-पाय धुणं घाला. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा, म्हणजे चिखलात पडून विरघळत नाही आणि दप्तरातही जात नाही (गेला तर गेला, त्यावरून चौकशी लावू नका). आरसा लावा, पण कंगवा एकच ठेवू नका, उवा फिरतात. आणि बाक दर सोमवारी अख्ख्या वर्गाचे बदला, म्हणजे तिच्याशेजारी कोण हा विषयच राहत नाही.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान येतं त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. बहुतेक शाळांत ते फिनेल आणि खराट्यात जातात, मुलांच्या अंगाला लागणारं काही त्यातून येत नाही. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत साबणाचा विषय तुम्हीच काढा आणि ठराव लिहून घ्या, तोंडी होकार पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाही.

ते चार दिवस म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. आशाताईकडे सहा पॅडचं पाकीट 6 रुपयांना मिळायची योजना आहे, त्यातला एक रुपया आशाताईला. जनऔषधी दुकानात सुविधा नावाचं पॅड 1 रुपयाला एक. 8 मार्च 2018 ला आपल्या राज्यात अस्मिता योजना सुरू झाली होती, झेडपी शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत आठ पॅड, बचत गटामार्फत. कागदावर योजना बऱ्याच निघाल्या, माल येतो की नाही ते आशाताईला आणि गटाच्या बाईला समोर बसवून विचारा. शाळेत मुलींच्या बाथरूममध्ये कपाट ठेवा, कुलूप नको, वहीत सही नको, "कशाला हवंय" हा प्रश्न तर नकोच नको. झाकणाचा डबा ठेवा. बाथरूमला कडी आणि बादलीत पाणी नसेल तर मात्र कपाटभर पॅड असून काही उपयोग नाही, आधी कडी बसवा. मुलगी घडीचं कापड वापरत असेल तरी घाबरू नका, स्वच्छ धुतलेलं आणि उन्हात वाळवलेलं सुती कापड चालतं. अडचण अशी की ते कुणाला दिसू नये म्हणून साडीखाली दमट जागेत वाळत घालतात. आणि धुवायला परत साबणच लागतो!

प्रश्न : वाटप करायला स्वस्तातला कुठला साबण घ्यावा? – पुणे

उत्तर : पाकिटाच्या मागे टीएफएमचा (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे साबणातला स्निग्ध अंश) आकडा बघा. पहिल्या ग्रेडच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान 76 टक्के असतो, दुसऱ्यात 70, तिसऱ्यात 60. "बाथिंग बार" लिहिलेलं असलं तर त्याहून कमी चालतं. आकडा जास्त तेवढी वडी टिकते, त्वचाही कमी कोरडी पडते. वास आणि पाकिटावरची हिरॉईन बघू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाने टॉयलेटरीज गोळा करून वस्तीत वाटायचं ठरवलंय. घराघरातून हॉटेलचे छोटे साबण, न वापरलेली क्रीम्स, परफ्यूम असं बरंच जमलंय. अजून काय घ्यावं? मोठ्या बाटल्या की पुड्या? – ठाणे

उत्तर : परफ्यूम परत करा. उघडलेलं, अर्धं वापरलेलं, तारीख गेलेलं काही देऊ नका, आपल्या कपाटाची साफसफाई म्हणजे मदत नव्हे. हॉटेलची वडी दोन दिवसांत संपते, ती प्रवासाला निघालेल्यांना ठीक. घरटी वर्गणी काढा आणि होलसेलमधून साधा माल घ्या, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, पेस्ट, ब्रश (माणशी एक, घरटी एक नव्हे), पॅड, तेल. शांपूच्या पुड्याच घ्या. मोठं पॅक स्वस्त पडतं हे आपल्या डोक्यात बसलंय, पण शांपूचं आपल्याकडे उलटं आहे, मिलीचा हिशोब करून बघा, पुडी बहुतेक वेळा बाटलीपेक्षा स्वस्त निघते. शिवाय बाटली घरात आली की पाहुणे पण वापरतात.

फोटो नको. एकदाच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थोडं थोडं द्या, पैसे तेव्हाच संपलेले असतात. त्याहून सोपं म्हणजे वस्तीतल्या किराणावाल्याकडे पैसे जमा ठेवा आणि बायकांना कुपनं द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. कुणाला डायपर लागतील, कुणाला दाढीचं ब्लेड, आपल्याला इथे बसून काय कळणार.

आणि रागावणार नसाल तर एक विचारते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका दिवसभर पाच-सहा घरं करतात, त्यांना तुमच्या बिल्डिंगमध्ये बाथरूम वापरू देता का? नसाल देत तर मंडळाचा पहिला ठराव तोच करा, त्याला वर्गणी पण लागत नाही.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत मास्टर्स करतेय. भाडं भरलं की हातात काही उरत नाही, शांपू-पेस्ट पण पुढे ढकलते. फूड बँकेत गेले तर व्हिसाचा प्रॉब्लेम होईल का? घरी सांगायची लाज वाटते. – एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, नाही होत. व्हिसावर "पब्लिक फंड्स नाहीत" असं लिहिलेलं असतं ते सरकारी भत्त्यांबद्दल, गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या, संस्थांनी चालवलेल्या फूड बँका त्यात येत नाहीत. पॅडसाठी तर पैसे खर्चूच नकोस, स्कॉटलंडमध्ये 15 ऑगस्ट 2022 पासून कायदाच आहे, युनिव्हर्सिटीला ते फुकट ठेवावे लागतात, टॉयलेटमध्ये नाहीतर रिसेप्शनजवळ बघ. बाकीच्या वस्तूंचं ब्रिटनमध्ये पण कठीणच आहे, साबण-पेस्टवर 20 टक्के व्हॅट लागतो. 2018 मध्ये तिथे हायजीन बँक नावाची संस्था निघाली, ती लोकांकडून नवीन, न उघडलेल्या वस्तू घेऊन शाळा, निवारे अशा ठिकाणी पोचवते, थेट माणसाला सहसा देत नाही. म्हणून आधी स्टुडंट युनियनच्या अॅडव्हाइसवाल्यांना गाठ, बऱ्याच फूड बँकांना चिठ्ठी लागते ती तेच देतात, आणि युनिव्हर्सिटीचा हार्डशिप फंड (अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले पैसे) तुम्हा बाहेरून आलेल्यांना मिळतो का तेही त्यांनाच विचार. फूड बँकेत गेलीस की शांपू-पेस्ट हवंय हे आपणहून सांग, बऱ्याच ठिकाणी ते आत ठेवलेलं असतं आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.