आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय, बारावी नाही, इंजिनिअरिंगची डिग्री करता येईल का? घरचे म्हणतात आता नोकरी बघ

करता येते भाऊ, आणि त्यासाठी बारावीला परत बसायची गरज नाही. मी धुळ्याकडचा, इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग डिप्लोमा, मग डिग्री असाच गेलोय. घरी तेव्हा मलाही हेच ऐकवायचे, आते कितलं शिकशी?

दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की पॉलिटेक्निकच्या, म्हणजे डिप्लोमा कॉलेजच्या, डायरेक्ट सेकंड इयरला फॉर्म भरता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे, आधी तिथलेच ऑप्शन टाका, प्रायव्हेटच्या फीमध्ये आणि यात खूप फरक पडतो. डिप्लोमा झाला की डिग्रीलाही डायरेक्ट सेकंड इयर, तिथे सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं, किमान ४५ टक्के पाहिजेत, राखीव गटाला ४०. म्हणजे दहावीनंतर २ अधिक २ अधिक ३ अशी ७ वर्षं, बारावीवरून जाणाऱ्याला ६ लागतात. एकच वर्ष जास्त जातं, तेवढ्यासाठी मन छोटं करू नका.

खरी अडचण गणिताची आहे आणि हे ॲडमिशनच्या वेळी कुणी नीट सांगत नाही. डायरेक्ट सेकंड इयरला बसता म्हणजे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित तुम्ही शिकलेलेच नसता, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह हे सगळं येतं असं धरूनच सर पुढे जातात, आणि डिग्रीला गेलं की एम-थ्रीमध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर येतं, हुशार पोरंही तिथे नापास होऊन बॅक काढून बसतात. म्हणून आयटीआयचा रिझल्ट आणि ॲडमिशन यांच्या मधल्या सुट्टीत डिप्लोमा फर्स्ट इयरचं पुस्तक सेकंडहँड घ्या आणि रोज थोडं तरी सोडवा, कुणाकडे शिकवणी लावता आली तर अजून चांगलं. प्रॅक्टिकलची काळजी करू नका, स्टार-डेल्टा स्टार्टर ज्याने स्वतः जोडलाय, मोटर वाइंडिंग केलंय, त्याला मशीन लॅबमध्ये बाकीची पोरं येऊन विचारतात, त्याचा माज नको पण आत्मविश्वास ठेवा.

घरच्यांचं म्हणणंही चुकीचं नाही, पैसा लागतोच. भुसावळला रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र अशा ठिकाणी अप्रेंटिसशिप मिळाली तर आधी ती करून घ्या, स्टायपेंड मिळतो, अनुभव मिळतो आणि डिप्लोमाचा रस्ता काही बंद होत नाही. फक्त त्या काळात गणित सोडू नका, नाहीतर नंतर परत हात बसायला लई त्रास होतो. फीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिप आहे, ओपनवाल्यांनाही राजर्षी शाहू महाराज योजनेत उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मदत मिळते, पण ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधूनच (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच) घ्या, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर हे मिळत नाही.

इंजिनिअरिंग नको, नुसती पदवी घेऊन एमपीएससी द्यायची असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेकडून आयटीआय धरून बारावी पूर्ण करता येते, मग नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए करा. पण हातात ट्रेड आहे, आवड आहे तर मी डिप्लोमाच म्हणेन.

आणि राखीव गटातले असाल तर कास्ट व्हॅलिडिटी आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर ही सर्टिफिकेटं आत्ताच काढायला टाका, ऐन ॲडमिशनच्या वेळी त्यासाठीच पळापळ होते.