समितीपुढे आईची सोबत करताना

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद. तुझी मुलगी बालगृहातून घरी परतली आणि आता तशाच प्रसंगात सापडलेल्या दुसऱ्या आयांच्या सोबतीने रत्नागिरीला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचे ते ठरवणाऱ्या मंडळापुढे, जायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. ज्यांची मुले सरकारी ताब्यात गेली होती अशा न्यूयॉर्कमधील पालकांनी १९९०च्या दशकातच संघटित होऊन हे काम हाती घेतले. आपल्या कायद्यात अशा सोबतिणीसाठी पद नाही. म्हणून आत बसण्यापूर्वी अध्यक्षांची परवानगी मागत जा, आणि ती मिळाली नाही तर वाद न घालता बाहेर थांब.

खरे काम तारखेच्या आधीच करायचे असते. मुलाला समितीपुढे हजर केल्यावर १५ दिवसांत गृहचौकशीचा अहवाल येणे अपेक्षित असते आणि पुढचा बराचसा निर्णय त्यावरच उभा राहतो. बंदरावर कोळंबी सोलायला जाणारी बाई पहाटेच घर सोडते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी "मुलाला एकटं टाकून जातेस काय?" असे विचारले की ती भेदरून "व्हय" एवढेच म्हणते, आणि मूल दिवसभर देखरेखीविना असते अशी नोंद होते. शेजारच्या वैनी त्याला पेज भरवून अंगणवाडीत पोचवतात, हे ती सांगतच नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटत नसते. तू तिच्या पडवीत बसून तिचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तिच्याच तोंडून ऐक, तिच्याच शब्दांत लिहून काढ, आणि वैनी व अंगणवाडी सेविका हे अधिकाऱ्यांना सांगायला तयार आहेत का ते आधीच विचारून ठेव. गरिबीची नोंद हयगय म्हणून होते तेव्हा मला आजही अतिशय वाईट वाटते. २०१५ चा बाल न्याय अधिनियम मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो, तेव्हा बालसंगोपन योजनेची, म्हणजे मुलाला कुटुंबातच सांभाळण्यासाठीची सरकारी, मदत मिळाल्यास मूल घरी राहू शकेल का, हा प्रश्न तिने समितीपुढे अवश्य मांडावा.

तो तिनेच मांडावा, तू नव्हे. तुला सगळे ठाऊक असल्यामुळे तिच्या आधी बोलण्याचा मोह होईल. पण समितीला आई जोखायची असते, आणि गप्प बसलेल्या आईविषयी चांगले मत होणे कठीण जाते.

आदेशाची प्रत मागून घ्यायला लाव. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मूल कायमचे समितीच्या स्वाधीन करण्याच्या कागदावर सही केलेल्या एकट्या, घाबरलेल्या आईला तर हे नक्की सांग, की फेरविचारासाठी कायद्याने २ महिने दिलेले आहेत.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट कर. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे तुला कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि तिथे आईची मैत्री आड येऊ शकत नाही. मूल घरात खरोखरच सुरक्षित नसेल, तर ते आजच्या आज घरी यावे असा आग्रह धरू नकोस. मुलाला नियमित भेटता यावे यासाठी आईला अर्ज करायला मदत कर. बाकी जे कानी पडेल ते तुझ्यापाशीच राहू दे. परतीच्या एसटीत निम्मे गाव बसलेले असते; तिथे मुलाचे नावही घेऊ नकोस, कारण त्याची ओळख उघड न करणे हा कायद्याचाही दंडक आहे.

आंबा बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबाचे प्रकरण आले, तर दुभाष्याची विनंती सुरुवातीलाच कर आणि हंगाम संपल्यावर ते कुठे जाणार आहेत ते लेखी कळव, नाहीतर पुढची तारीख त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. पुढच्या आठवड्यात ज्या आईबरोबर जाणार आहेस तिला शिधापत्रिका, लसीकरणाचे कार्ड आणि शाळेचा दाखला एका पिशवीत घालून ठेवायला आजच सांग.

तुझी,
मावशी