‘पिक्युलिअर इन्स्टिट्यूशन’ म्हणजे ‘विचित्र संस्था’?

प्रश्न असा आला आहे: एक वाचक अमेरिकेच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणत आहेत. त्यात दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गुलामगिरीला वारंवार ‘पिक्युलिअर इन्स्टिट्यूशन’ म्हटलंय. त्यांना एका जुन्या भाषांतरात ‘विचित्र संस्था’ असा प्रतिशब्द सापडला. तो चालेल का? आणि लेखाच्या शीर्षकातल्या ‘अँटिबेलम’ला ‘युद्धपूर्व’ म्हणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकून घेऊ. नुसतं ‘युद्धपूर्व’ म्हटलं की मराठी वाचक थेट दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जाऊन पोचतो. इथे अभिप्रेत आहे ते 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं आपसातलं युद्ध. त्याला मराठीत ‘यादवी’ हा आयता शब्द आहे. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांच्याच जिवावर उठले, त्यावरून आलेला. ‘यादवीपूर्व अमेरिका’ लिहा, कुणीही अडखळणार नाही.

आता ‘विचित्र संस्था’. माझं मत सांगतो: दोन्ही शब्द चुकले आहेत, आणि त्यातही ‘विचित्र’ जास्त चुकला आहे.

‘पिक्युलिअर’चा आज रुळलेला अर्थ ‘चमत्कारिक’ असाच आहे. पण आपलीच व्यवस्था चमत्कारिक आहे असं दक्षिणेतले मळेवाले कशाला म्हणतील? ते हा शब्द जुन्या अर्थाने वापरत होते. एखाद्याचं स्वतःचं, त्याच्यापुरतं, इतरांकडे नसलेलं ते पिक्युलिअर. मूळ लॅटिन शब्द ‘पेक्युलियम’, म्हणजे खासगी मत्ता. त्याच्याही मागे ‘पेकस’ आहे, म्हणजे गुरंढोरं. आपल्या ‘पशु’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. गंमत अशी की रोमन कायद्यात गुलामाला धन्याने वापरापुरती ठेवू दिलेली चीजवस्तूही ‘पेक्युलियम’च. ती कायद्याने धन्याचीच राही. अमेरिकेतल्या राजकारण्यांच्या मनात हे सगळं होतं असा माझा दावा नाही, पण शब्दाच्या पोटात ते होतं खरं.

आणि याला जुळणारा शब्द मराठीत बसलेलाच आहे: ‘खास’. त्यात ‘विशेष’ही आहे आणि ‘स्वतःच्या मालकीचं’ही. ‘खासगी’ त्यातूनच आला. होळकरांची खासगी जहागीर आठवा. म्हणून ‘आमची खास व्यवस्था’ हे भाषांतर मला सर्वांत जवळचं वाटतं.

हा ‘खास’ नेमका कधी आला, ते बघण्यासारखं आहे. 1776 साली गुलामगिरी तेराही वसाहतींत कायदेशीर होती, म्हणजे ती कुणाचीच खास नव्हती. मग व्हर्मांटने 1777 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने 1780 मध्ये ती मोडीत काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये ती 1827 साली संपली. उत्तर एकेक करून बाहेर पडत गेली तसतशी दक्षिणेची ही चीज तिच्यापुरती ‘खास’ उरली. 1833 मध्ये ब्रिटिश संसदेनेही आपल्या वसाहतींसाठी गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. दक्षिणेला आपल्या बचावाचा शब्द लागला तो नेमका याच सुमारास.

दक्षिणेने मात्र याच काळात उलटी वाट धरली. कारण कापूस. 1793 साली एली व्हिटनीने सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट मागितलं. (विदर्भ-खानदेशातल्या ‘जिनिंग’मधला ‘जिन’ तो हाच, ‘एंजिन’चं आखूड रूप.) हाताने सरकी काढताना दिवसभरात जेमतेम शेर-अर्धा शेर रुई हाती यायची. ती अडचण सुटली आणि कापूस अलाबामा, मिसिसिपीपर्यंत पसरला. 1808 पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती. म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून माणसं विकून किंवा मालकांबरोबर दक्षिणेकडे नेली गेली. यादवीपर्यंत ती सुमारे 10 लाख भरली. 1790 च्या शिरगणतीत गुलाम होते सुमारे 7 लाख, 1860 मध्ये साडेएकोणचाळीस लाख. यादवीच्या तोंडावर देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती. त्याचं सूत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या गिरण्यांत निघे आणि कर्ज, विमा, जहाजं न्यूयॉर्क पुरवी. मग ही व्यवस्था कितपत दक्षिणेचीच ‘खास’ होती, हा प्रश्न लेखाच्या तळटीपेत टाकायला हरकत नाही.

दुसरा शब्द ‘संस्था’. समाजशास्त्रात ‘विवाहसंस्था’, ‘कुटुंबसंस्था’ ठीक आहे, पण सुटा ‘संस्था’ म्हटला की पतसंस्था डोळ्यांपुढे येते, अध्यक्ष आणि पाटीसकट. काही जण ‘प्रथा’ वापरतात. ते तर मुळीच नको. प्रथा म्हणजे पानसुपारी, ओटीभरण. इथे खरेदीखत होतं, गहाणखत होतं, कोर्ट होतं. मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम बाईचं पोर जन्मतः गुलाम, हा व्हर्जिनियाचा 1662 चा लेखी कायदा. नॉर्थ कॅरोलिनाने 1830 च्या अधिवेशनात गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर बंदी घातली: शिकवणाऱ्या गोऱ्याला 100 ते 200 डॉलर दंड किंवा तुरुंग, आणि शिकवणारा गुलामच असेल तर 39 फटके. अंक शिकवायला मात्र मुभा होती! हिशेब आला तर मालकाचंच काम होतं. याला ‘प्रथा’ कसं म्हणणार? ‘व्यवस्था’ हाच शब्द.

हे आडून बोलणं नवं नव्हतं. 1787 च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना लोकसंख्येत तीन-पंचमांशच मोजायच्या त्या ‘इतर व्यक्ती’, आणि पळून गेले तर परत करायचे ते ‘सेवेस बांधलेले’. ‘गुलामगिरी’ हा शब्द संविधानात शिरला 1865 साली, तेराव्या दुरुस्तीने, तीच बंद करताना. 1836 ते 1844 या काळात तर प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला न घेता बाजूला ठेवायचा ठराव चालवला. नाव घ्यायचं नाही आणि चर्चाही करायची नाही, असा तो काळ. 1837 साली साउथ कॅरोलिनाचा सिनेटर जॉन कॅल्हून याने सिनेटमध्ये ‘दक्षिणेची खास व्यवस्था’ असा उल्लेख केला आणि त्याच भाषणात ती निव्वळ नाइलाज नसून चक्क हिताची आहे असं ठासून सांगितलं. इथे ‘विचित्र’ घालून बघा, वाक्य कोसळतं.

उलट गुलामगिरीविरोधकांनी हा शब्द उचलला तो खवचटपणे. तिथे ‘यांची ती “खास” व्यवस्था’ असं अवतरणात लिहिलं की टोमणा बरोबर पोचतो. लेखक स्वतःच्या शब्दांत बोलत असेल तिथे मात्र सरळ ‘गुलामगिरी’ लिहा. या शब्दाला मराठीत वजन आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली तोच शब्द आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून घेतला आणि ते पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या सज्जनांना.

तुमच्या लेखात अलेक्झांडर स्टीफन्सचं सव्हानामधलं 21 मार्च 1861 चं भाषण येत असेल, तर त्यावर हा प्रतिशब्द घासून बघा. दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून काढलेल्या नव्या संघराज्याचा हा उपाध्यक्ष म्हणतो की आमच्या खास व्यवस्थेविषयीचे, म्हणजे आमच्यात आहे त्या आफ्रिकी गुलामगिरीविषयीचे, सगळे प्रश्न नव्या घटनेने कायमचे मिटवले आहेत आणि अलीकडच्या फाटाफुटीचं तात्कालिक कारण हेच होतं. आडपडदा आणि उघड नाव एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. ‘खास व्यवस्था’ ठेवलीत तर मराठीतही ते तसेच शेजारी बसतात.