खंडणी की नजराणा?

प्रश्न असा आहे : पर्सेपोलिसच्या अपादानात, म्हणजे प्राचीन इराणी सम्राटांच्या दरबार-दालनाच्या जिन्यांवर, देशोदेशीचे लोक सुरया, पेले, कडी घेऊन रांगेने येताना कोरले आहेत. ते आणतात त्याला मराठीत खंडणी म्हणावे की नजराणा?

मी नजराणाच म्हणेन. खंडणी हा मुळात वाईट शब्द नाही. जमीन खंडाने देतात, खंडकरी शेतकरी म्हणतात, त्याच कुळातला तो : ठरवून बांधलेले देणे. आता 'खंडणी मागितल्याप्रकरणी अटक' हेच रोज वाचनात येते, म्हणून तो खटकतो. पण खंडणीला आकडा लागतो, आणि इराणी सम्राट दरायसच्या प्रांतांवर तो बसवलेला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे भारतीय प्रांताकडून वर्षाला 360 टॅलंट (टॅलंट हे जुने वजनी माप) सोन्याची पूड येई. जमा झालेला धातू वितळवून मातीच्या रांजणांत ओतत, भरला की वरची माती फोडून काढत आणि पैसा लागेल तेव्हा हवा तेवढा तुकडा तोडून घेत.

अपादानातली सुरई या हिशेबात बसत नाही. आर्मेनियाच्या शिष्टमंडळातल्या माणसाच्या हातातली पाहा : तिचे दोन्ही कान म्हणजे पंख असलेले श्वापद. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अशाच एका सुरईचा सुटा कान आहे, उडी घेतल्यासारखा पंखवाला रानबोकड, चांदीचा, वर सोने चढवलेला. वितळवायचेच असते तर एवढी घडणावळ कोण करील?

नजराणा 'नजर' म्हणजे दृष्टीवरून आला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अरबीत 'नज्र' म्हणजे नवस, वाहिलेली वस्तू; दृष्टीवाचक 'नजर' वेगळी, तिचे मधले अक्षरही वेगळे. देवनागरीत दोन्हींचा ज झाला. जुन्या मराठी कागदांतले 'नजर केली' हे या पहिल्या नज्रचे.

खुद्द दरायस बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या जुन्या फारसीतल्या लेखात म्हणतो, 'मना बाजिम् अबरता', म्हणजे ते मला माझा भाग आणून देत. संस्कृतात जवळजवळ शब्दशः 'मम भागम् अभरन्त'. 'बाजि' आणि आपला 'भाग' एकाच धातूचे. म्हणून शिलालेखाचे भाषांतर करताना मी 'राजभाग' लिहीन, शिल्पाचे वर्णन करताना नजराणा. त्या बाजिचे आजच्या फारसीत 'बाज' झाले आहे, आणि 'बाजगीर' म्हणजे धाकदपटशाने पैसे उकळणारा. खंडणीचे मराठीत झाले तेच.